काटा खरा, तरी पावती चुकली

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी शेतकऱ्यांच्या एका गटामार्फत सोयाबीन खरेदी केंद्र चालते आणि तिथल्या संगणकावर मी नोंदी ठेवतो. मागच्या हंगामात आमच्याकडे जे घडले ते तसे लहानसेच होते. परंतु खरेदी केंद्रांवर, जिनिंगच्या आवारात आणि दूध संकलनाच्या खोल्यांमध्ये काटे आता थेट संगणकाला जोडले जात असल्यामुळे ते इतरांच्याही कानावर घालावे असे वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

आमच्याकडे एकाच बनावटीचे दोन प्लॅटफॉर्म काटे आहेत. रांगा दोन, काटे दोन, संगणक मात्र एकच. प्रत्येक काट्याची वायर एका छोट्या कन्व्हर्टरमधून संगणकाच्या यूएसबीत जाते आणि कट्टा ठेवून आकडा स्थिरावला की त्या त्या शेतकऱ्याच्या पावतीवर वजन आपोआप उमटते. एका दुपारी वीज गेली, तासाभराने आली, संगणक पुन्हा सुरू केला आणि मोजणी पूर्ववत चालू झाली. कोणालाही काही वावगे दिसले नाही, कारण भरलेले कट्टे सारे ६० किलोच्या अलीकडे-पलीकडचेच असतात. ६१ किलो ४०० ग्रॅमच्या जागी ६० किलो ९०० ग्रॅम छापले गेले तर ते हमालाच्याही लक्षात येत नाही. संध्याकाळी एक आजी पावती घेऊन खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "माहा शेवटचा कट्टा त अर्धाच होता ना बाप्पा, अन् हे त पुरा लिहून आला." जास्त आले म्हणून तक्रार घेऊन येणारे गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांचे ३१ किलो पलीकडच्या रांगेतल्या शेतकऱ्याच्या नावावर आणि त्याचे ६२ किलो यांच्या नावावर चढले होते. वीज आल्यापासूनच्या साऱ्या पावत्या आम्ही रात्री बसून पुन्हा जुळवल्या. चुकारे व्हायचे बाकी होते म्हणूनच निभावले.

दोष काट्यांचा नव्हता, हिशेबाच्या प्रोग्रामचाही नव्हता. आमचा संगणक जुना असल्याने त्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत संगणक प्रणाली) टाकलेले आहे आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा दुरुस्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबल्यानंतर असे अनेक संगणक लिनक्सवर जाणार, हे उघड आहे. लिनक्स अशा कन्व्हर्टरना ओळखीवरून नव्हे, तर सापडण्याच्या क्रमाने नावे देते: जो आधी सापडला तो टीटीवाय-यूएसबी-०, त्यानंतरचा टीटीवाय-यूएसबी-१. संगणक सुरू होताना दोन्ही जवळपास एकाच क्षणी जागे होतात, त्यामुळे आज जो पहिला तो उद्या दुसरा होऊ शकतो. काटे बसवून देणाऱ्या तंत्रज्ञाने प्रोग्राममध्ये हीच दोन नावे भरून ठेवली होती. आणखी एक खोच अशी की, प्रोग्राम चालू असताना वायरीला धक्का लागून कन्व्हर्टर क्षणभर सुटला, तर जुने नाव अडलेले असल्यामुळे तो परत येताना टीटीवाय-यूएसबी-२ होऊन येतो. मग तो काटा मुका होतो आणि काट्यात बिघाड आहे असे समजून लोक दुरुस्तीवाल्याला फोन लावतात.

याचा उपाय लिनक्समध्येच आहे. यूडेव्ह नावाची व्यवस्था २००३ पासून हे काम करते आणि २०१२ पासून ती सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या मूळ व्यवस्थेचा भाग झाली आहे. तिच्या नियमांच्या फोल्डरमध्ये एका ओळीचा नियम लिहिला की, ठरावीक उपकरण दिसताच मूळ नावाला हात न लावता त्याच्या जोडीला आपण ठरवलेले कायमचे नाव लावले जाते. आमच्याकडे ती नावे 'काटा-डावा' आणि 'काटा-उजवा' अशी आहेत. प्रोग्रामला फक्त तीच नावे सांगायची, मग मागचा आकडा कितीही बदलो.

मात्र इथे मी स्वतः एकदा फसलो, ते सांगितले पाहिजे. प्रत्येक कन्व्हर्टरला निर्मात्याचा आणि उत्पादनाचा असे दोन क्रमांक असतात, आणि मी पहिला नियम त्यांवरच बेतला. पण बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या सीएच-३४० चिपच्या कन्व्हर्टरचे हे क्रमांक जवळपास सर्वत्र १ए८६ आणि ७५२३ हेच असतात, त्यात वेगळा अनुक्रमांक बहुधा नसतोच. परिणामी नियम दोघांनाही लागू झाला आणि नाव एकाच्याच वाट्याला आले. एफटीडीआय या कंपनीच्या चिपमध्ये सहसा अनुक्रमांक असतो, म्हणून थोडे पैसे जास्त मोजून तसे कन्व्हर्टर घेणे हा खरा मार्ग. हंगामाच्या ऐन भरात ते मिळेनात, तेव्हा आम्ही संगणकाच्या मागची भोके ओळखीसाठी धरली: या भोकात जे असेल तो डावा काटा, त्या भोकात जे असेल तो उजवा. भोकांना आणि वायरींना लाल-पिवळा रंग लावला आणि वायरी चिकटपट्टीने आवळल्या. कोणी वायर तिसऱ्याच भोकात खुपसली तर नावच तयार होत नाही आणि मोजणी थांबते. हे मला गैरसोयीचे वाटत नाही. मोजणी थांबलेली सर्वांना दिसते, चुकीची चाललेली दिसत नाही. नियम लिहिणे ज्यांना अवघड वाटते त्यांच्यासाठी बहुतेक लिनक्समध्ये 'डेव्ह' फोल्डरातील 'सिरियल' या पोटफोल्डरात 'बाय-आयडी' आणि 'बाय-पाथ' अशी तयार कायम नावे आधीच मांडलेली असतात, तीही चालतात; मात्र अनुक्रमांक नसलेल्या एकसारख्या कन्व्हर्टरसाठी भोकावरून ठरणारे 'बाय-पाथ'च वापरावे. (उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराच्या २२.०४ या आवृत्तीत ब्रेल उपकरणांसाठीचा एक प्रोग्राम सीएच-३४० ला आपलेच समजून बळकावतो आणि काट्याचे टीटीवाय-यूएसबी नावच दिसेनासे होते. अंधांसाठी तो मोलाचा आहे, पण खरेदी केंद्राच्या संगणकावरून तो काढून टाकावा लागतो.)

माझे म्हणणे एवढेच आहे की, वैधमापन शास्त्र विभागाचे निरीक्षक इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून शिक्का मारतात, तो शिक्का काट्यापाशीच संपतो. काट्याच्या पडद्यावरचा आकडा पावतीपर्यंत योग्य माणसाच्या नावावर पोहोचतो की नाही, हे आज कोणीच पाहत नाही. पडताळणीच्या दिवशी एकाच काट्यावर २० किलोचे प्रमाणित वजन ठेवून, दुसरा रिकामा ठेवून, पावती काढून पाहावी. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि तेच परत करावे. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. काटे बसवून देणाऱ्यांनीही नावे कायमची बांधून दिल्याशिवाय आणि कोणती वायर कोणत्या भोकात हे कागदावर लिहून भिंतीला लावल्याशिवाय बिल मागू नये. आमच्या केंद्रावर आता रोज सकाळी पहिला कट्टा चढण्याआधी २० किलोचे वजन दोन्ही काट्यांवर आळीपाळीने ठेवले जाते, आणि त्या दोन पावत्या वहीला टाचलेल्या असतात.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ