आधी साइडपट्टी भरा

संपादक महोदय,

सायकलींसाठी सोय म्हटली की शहरातला रंगवलेला ट्रॅक डोळ्यांसमोर येतो. खान्देशात सायकलची खरी गरज आहे ती गाव ते शाळा आणि गाव ते फाटा या रस्त्यांवर. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. त्या सायकलीने जायचे कुठून, याची तरतूद मात्र कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

खेड्याला जोडणाऱ्या एकपदरी रस्त्याचे डांबर 3.75 मीटर रुंद असते. ट्रकची कायदेशीर रुंदी 2.6 मीटरपर्यंत. उरले 1.15 मीटर. त्यातले 60 सेंटीमीटर सायकलच्या हँडललाच लागतात. म्हणजे डांबरावर राहून ट्रकने सायकलला सुरक्षित ओलांडणे शक्यच नाही. कुणीतरी खाली उतरावेच लागते, आणि उतरते ती सायकल. म्हणून साइडपट्टी, म्हणजे डांबराच्या कडेची कच्ची पट्टी, हाच आपल्याकडचा सायकलरस्ता आहे, आणि नेमके तेच काम सर्वात वाईट होते.

रस्त्यावर नवा थर टाकला की डांबराची पातळी वाढते, साइडपट्टी आहे तिथेच राहते. पाच-पाच सेंटीमीटरचे दोन थर झाले की दहा सेंटीमीटरची उभी कड तयार होते. सायकलचे पुढचे चाक या कडेवरून घसरले की चालवणारा घाबरून लगेच वर यायला बघतो. चाक कडेला घासत राहते, वर चढत नाही, आणि तोल जाऊन माणूस डांबराच्या बाजूला, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीपुढे पडतो. अशा वेळी वर यायचा प्रयत्नच करू नये. सरळ राहून वेग कमी करावा, थांबावे, सायकल उचलून वर घ्यावी. शाळांनी मुलांना पहिली शिकवावी ती हीच गोष्ट.

तापीकाठच्या तालुक्यांत, यावल-रावेरपासून शहाद्यापर्यंत, जमीन काळी. ठेकेदार शेजारच्या चारीतली तीच माती उकरून साइडपट्टीवर पसरतो. पावसात ती फुगते, चाकाला चिकटते आणि मडगार्डमध्ये अडकून चाक जाम करते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिथे मुरूमच हवा. तोही एकदम ओतून चालत नाही. दहा ते पंधरा सेंटीमीटरचा थर, पाणी मारून रोलर, मग पुढचा थर, आणि शेवटी डांबराशी समपातळी. बाहेरच्या बाजूला किमान तीन टक्के उतार लागतो, म्हणजे दीड मीटर रुंदीला साडेचार सेंटीमीटर. उतार नसेल तर पाणी कडेलाच साचते आणि पहिल्याच पावसाळ्यात मुरूम वाहून जातो. पाऊस उघडल्यावर लगेच, कापसाच्या गाड्या सुरू व्हायच्या आत, हे काम उरकले पाहिजे. डांबराची कड उभी न ठेवता तिरकी दाबून घेतली, तर मुरूम खचला तरी चाक वर येऊ शकते.

भरलेल्या साइडपट्टीवरही सायकली दिसत नाहीत, कारण काटे. रस्त्याकडेच्या वेड्या बाभळी तोडतात आणि फांद्या तिथेच टाकून देतात. दोन-तीनदा पंक्चर झाले की माणूस डांबर सोडत नाही, आणि मग गाडीवाला चिडतो. तोडलेल्या फांद्या त्याच दिवशी उचलण्याची अट कामाच्या आदेशातच असावी. रंबलर पट्ट्या, म्हणजे वेग कमी करायला लावणारे ओळीने आखलेले आडवे उंचवटे, साइडपट्टीपर्यंत ओढू नयेत. डाव्या कडेला एक मीटर मोकळे ठेवावे. मोटारसायकली त्यातून निसटतील, पण सायकलवाला रंबलर चुकवायला रस्त्याच्या मध्यात जाणार नाही. गावातल्या गटारांवरच्या जाळ्यांचे गज रस्त्याला आडवे बसवावेत. उभ्या गजांच्या फटीत सायकलचे चाक अडकते.

चालकांनी सायकल ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावे, आणि ते भरलेल्या मालापासून मोजावे. कापसाची ट्रॉली चाकापेक्षा बरीच बाहेर फुगलेली असते. समोरून गाडी येत असेल तर मागेच थांबावे. अगदी जवळ येऊन हॉर्न दाबू नये. दचकलेल्या माणसाचे हँडल हलतेच.

डिसेंबरमध्ये सहाच्या आत सूर्य मावळतो आणि शाळा सुटलेली मुले अजून वाटेतच असतात. ताशी 80 किलोमीटरने येणारी गाडी आणि पुढे 15 ने जाणारी सायकल यांच्यातले अंतर सेकंदाला 18 मीटरने कमी होते. डिपरच्या उजेडात सायकल चाळीस मीटरवर दिसली, तर हातात दोनच सेकंद, आणि त्यातला एक-दीड सेकंद पाय ब्रेकवर जाईपर्यंत संपतो. उलट्या बाजूने येणाऱ्या सायकलसाठी हाच वेळ दीड सेकंदावर येतो, म्हणून समोरून येणारी गाडी दिसते या समजुतीने उजवीकडून चालवू नये. मागच्या मडगार्डचा लाल रिफ्लेक्टर कॅरिअरवरच्या दप्तराने झाकला जातो. दप्तर पाठीवर घ्यावे किंवा त्यावरच चमकणारी पट्टी शिवावी. पेडलला पट्टी लावली तर उत्तम, कारण वरखाली हलणारा ठिपका लांबूनच सायकल म्हणून ओळखू येतो.

जळगावात आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली अशा ठिकाणी महामार्ग शहरातूनच जातो. तिथे वेगळा ट्रॅक हवाच, किमान दोन मीटर रुंद आणि उंच कडेने वेगळा केलेला. नुसता रंग मारलेला पट्टा लगेच पार्किंग होतो.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 198 अ सांगते की, ठरलेल्या निकषांप्रमाणे रस्ता न बांधल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्रामपंचायतींनी काम सुरू असतानाच टेप घेऊन कडेची उंची मोजावी, फोटो काढावेत आणि साइडपट्टी पूर्ण झाल्याशिवाय अंतिम बिल निघू नये, अशी लेखी मागणी उपअभियंत्यांकडे करावी.

– एक वाचक, अमळनेर