लस टोचते सिस्टर, पण कागदावर तिचं नावच नसतं

संपादक महोदय,

मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली सिस्टर आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये एका जनरल प्रॅक्टिसच्या दवाखान्यात काम करते, आधी दोन ठिकाणी केलंय. सगळीकडे एकच पद्धत बघितली. लस फ्रिजमधून मी काढणार, एक्स्पायरी मी बघणार, टोचणार मी, बाळ रडलं की आईला समजावणार पण मीच, आणि कार्डावर फक्त तारीख आणि डॉक्टरांचा शिक्का. कोणत्या बॅचची लस दिली, कोणी दिली, काही नाही. बऱ्याच प्रायव्हेट लसींच्या बाटलीवर किंवा सिरिंजवर सोलून काढायचं स्टिकर असतं, ते कार्डावर चिकटवायला पाच सेकंद लागतात, तरी ते बहुतेक वेळा बाटलीबरोबर कचऱ्यातच जातं.

बॅच नंबर कशाला हवा असं पालक विचारतात. उद्या बाळाला रिअ‍ॅक्शन आली आणि सरकारी एईएफआयचा, म्हणजे लसीनंतर झालेल्या त्रासाची नोंद करायचा फॉर्म भरायची वेळ आली तर त्यात तेही विचारतात, किंवा एखादी बॅच कंपनीने परत मागवली तर ती कोणाकोणाला गेली हे शोधणार कसं? दुसरं म्हणजे आपल्याकडे बाळंतीण माहेरी जाते. दीड महिन्याचा डोस इथे प्रायव्हेटमध्ये झालेला, अडीच महिन्यांचा गावच्या उपकेंद्रात. तिथल्या एएनएम ताईंच्या हातात जे कार्ड येतं त्यावर नुसतं "डोस १" आणि एक न वाचता येणारी सही. सिक्स-इन-वन (एकाच सुईत सहा रोगांवरची) दिली होती का पेंटा (पाच रोगांवरची), पोलिओचं इंजेक्शन झालं का नाही, न्यूमोकॉकल दिली का, त्या बिचाऱ्या अंदाज बांधत बसतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये यू-विन, म्हणजे लसीकरणाच्या नोंदीचं सरकारी ऑनलाइन पोर्टल, देशभर सुरू झालं ते याच्यासाठीच ना, कुठेही डोस घ्या, नोंद एकाच ठिकाणी. पण मी जिथे जिथे काम केलं तिथे ओपीडीच्या गर्दीत ती एंट्री कोणी करायची हेच ठरलेलं नव्हतं.

आता बिलाचं. सरकारी कार्यक्रमातली लस सरकारी केंद्रात फुकट असते, तिथे बिलाचा प्रश्नच नाही. प्रायव्हेटमध्ये मात्र पालकांच्या हातात एकच आकडा पडतो, तोही कधी कधी नुसता तोंडी. त्यात लसीची किंमत किती, तपासणी फी किती, टोचायचा चार्ज किती, काही कळत नाही. एमआरपीच्या वर लस विकता येत नाही हा नियम आहे, पण सगळं एकत्रच लिहिलं तर वर घेतले का खाली घेतले कोण सांगणार! ऑफिसमधून पैसे परत मिळवायचे असले तर पालक पुन्हा येतात, "सिस्टर जरा नीट बिल करून द्या ना", आणि मग मी जुनं रजिस्टर उघडून बसते.

हे जमत नाही असं कोणी म्हणू नका, कोविडमध्ये सगळ्यांनी हेच केलं होतं. को-विनच्या सर्टिफिकेटवर बॅच नंबर होता, लस देणाऱ्याचं नाव होतं, प्रायव्हेट सेंटरचंसुद्धा. आणि जून २०२१ पासून प्रायव्हेटला लसीच्या किमतीवर जास्तीत जास्त १५० रुपये सर्व्हिस चार्ज घ्यायची परवानगी होती. मोठ्यांच्या लसीला जमलं ते बाळांच्या लसीला का नको?

२०२१ मध्ये नर्सिंग होमचे राज्याचे नियम सुधारले, दरपत्रक लावायचं बंधन आलं, पण ते पेशंट अ‍ॅडमिट करणाऱ्यांना, साध्या ओपीडी दवाखान्यांना ते लागू होत नाही आणि गल्लोगल्ली लसी तर तिथेच टोचल्या जातात. आरोग्य खात्याने यांच्यासाठी एक पानाचा आदेश काढावा. कार्डावर लसीचं नाव, कंपनी, बॅच, एक्स्पायरी आणि टोचणाऱ्याचं नाव. बिलावर लस वेगळी, फी वेगळी, टोचणावळ वेगळी.

आणि नावापुढे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी नंबर लिहायची सक्ती करा. काही डॉक्टरांना हे आवडणार नाही, कारण पांढरा कोट घालून उभ्या केलेल्या बारावी पास मुलींकडे तो नंबर नसतो, पगार मात्र निम्म्यात भागतो.

– एक सिस्टर, पिंपरी-चिंचवड