लाल गोलाशेजारी कारणही लिहा

महोदय,

मी नागपूरच्या महाल भागात गेली सव्वीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवतो. शिक्षण दहावीपर्यंत. तरी इंग्रजी व्याकरणावर लिहायला बसलो, ते मुलीची आठवीची वही बघून.

तिने 'मी सहमत आहे' याचं 'आय अ‍ॅम अ‍ॅग्री' केलं होतं. त्यावर लाल गोल, अर्धा मार्क कापलेला, बाकी एक अक्षर नाही. "बाबा, 'आहे'साठी 'अ‍ॅम' लिहिलं, मग काहून चुकलं?" खाली 'मी थकलो'साठी 'आय टायर्ड', त्यालाही गोल. तिथे 'अ‍ॅम' हवं होतं!

मराठीत 'सहमत' विशेषण, म्हणून त्याला 'आहे' लागतं. इंग्रजीतलं 'अ‍ॅग्री' मात्र क्रियापद, त्याला 'अ‍ॅम'ची गरज नाही. 'थकणे'चं नेमकं उलटं. आपल्याकडे ते क्रियापद, 'मी थकलो' एवढ्यात भागतं. इंग्रजीत 'टायर्ड' विशेषण, 'अ‍ॅम'शिवाय उभंच राहत नाही. 'घाबरलो' आणि 'अ‍ॅफ्रेड'चंही तसंच. पोरीने आपल्या भाषेतून नीट विचार केला आणि त्यातच तिचे मार्क गेले, याचं मला फार वाईट वाटलं.

शाळेत पाठ करून घेतात : क्रिया दाखवतं ते क्रियापद, गुण सांगतं ते विशेषण. आता थकणं ही क्रिया की गुण, हे लेकराने कसं ठरवावं? त्यापेक्षा शब्द वाक्यात बसवून बघायला शिकवा. 'डिड नॉट अ‍ॅग्री' बसतं, 'डिड नॉट अ‍ॅफ्रेड' बसत नाही. 'व्हेरी अ‍ॅफ्रेड' चालतं, 'व्हेरी अ‍ॅग्री' चालत नाही. बहुतेक शब्दांचा निकाल एवढ्यात लागतो.

हा घोळ मला स्वतःला भोवला आहे. एका गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंची पाटी हवी होती. एकीकडे 'ओपन' लिहिलं, दुसरीकडे 'क्लोज'. पाटी परत आली. 'ओपन' हा शब्द क्रियापदही आहे आणि विशेषणही, म्हणून तो तसाच चालतो. दुकान बंद आहे म्हणायला मात्र 'क्लोज्ड' लागतं. विशेषण म्हणून नुसतं 'क्लोज' लिहिलं तर अर्थ होतो जवळचा, आणि उच्चारही 'क्लोस' होतो. घरचा रंग लावून पाटी पुन्हा केली, पण ते कारण आजवर विसरलो नाही.

क्रियापदापासून विशेषण कसं होतं, हे तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. उकळतं पाणी आणि उकळलेलं पाणी यांत आपलं पोर कधी गोंधळत नाही. 'बॉइलिंग' आणि 'बॉइल्ड' म्हणजे तेच दोन. तिथून 'बोअरिंग' आणि 'बोअर्ड'वर या. 'आय अ‍ॅम बोअरिंग' म्हणजे मीच कंटाळवाणा, हे मुलीला चहा उकळेपर्यंत कळलं.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मराठी शाळेतल्या मुलाला ते मराठीच्या शेजारी ठेवूनच शिकवायला हवं. आपल्या विद्यार्थी पानावर आठवड्याला अशा एका जोडीला जागा द्यावी, ही विनंती. आणि वह्या तपासणाऱ्या सर-मॅडमना हात जोडून सांगणं, त्या गोलाशेजारी 'अ‍ॅग्री हे क्रियापद' एवढे तीन शब्द लिहा.

– एक पेंटर, महाल, नागपूर