गारठा राखेने नव्हे, गंधकाने

महोदय,

ज्वालामुखी फुटल्याची बातमी आली की 'राखेने सूर्य झाकला, म्हणून गारठा वाढला' असे हमखास छापून येते. हे श्रेय राखेला फुकटच मिळते. राख म्हणजे खडकाचे आणि काचेचे बारीक कण. त्यातले बहुतेक काही दिवसांत खाली बसतात. हवामान बदलतो तो सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधकाचा वायू. फिलिपिन्समधल्या पिनाटुबोने १५ जून १९९१ रोजी हा वायू सुमारे दीड कोटी टन एवढा थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, फेकला. तिथे पाऊसच नाही, मग धुऊन काढणार कोण? काही आठवड्यांत त्याचे गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब झाले, ते पृथ्वीभर पसरले, सूर्यप्रकाश परतवू लागले आणि पुढच्या वर्षी जगाचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने उतरले.

राखेचा उपद्रव खाली, जमिनीवर. त्याच दिवशी तिथे चक्रीवादळ धडकले. भिजलेली राख ओल्या सिमेंटसारखी जड झाली, छपरे कोसळली. बळींपैकी बरेच जण त्याखालीच सापडले. पुढची कित्येक वर्षे, पावसाळा आला की हीच राख चिखल होऊन नद्यांवाटे गावांत शिरत राहिली.

प्रशांत महासागरातल्या टोंगा बेटांजवळच्या जानेवारी २०२२च्या उद्रेकाची तऱ्हा निराळी. तो समुद्राखालचा, त्यामुळे गंधक थोडे आणि वाफ मात्र सुमारे १५ कोटी टन! तेव्हा पिनाटुबोसारखा गारवा आलाच नाही.

म्हणून बातमीत राखेच्या उंचीबरोबर सल्फर डायऑक्साइडचाही आकडा द्यावा. उपग्रह तो मोजतातच.

– भूशास्त्राचे एक शिक्षक, सातारा