महिना आधी, बेट नंतर : एका ताईंना आभारपत्र

प्रिय ताई,

सादर नमस्कार.

आमचा बेटावरचा पहिला प्रवास सुखरूप आणि अतिशय आनंदात पार पडला. त्याचं श्रेय तुमचं आहे असं मी फोनवर म्हटलं, तेव्हा "अगं, मी काय केलं, चार प्रश्न तर विचारले," म्हणून तुम्ही विषय बदललात. ते चार प्रश्न माझ्यासाठी किती मोलाचे होते, हे सगळ्यांसमोर सांगावंसं वाटलं, म्हणून हे उघड पत्र. उष्ण कटिबंधातल्या बेटावर पहिल्यांदा निघालेल्या आणखी कुणाला त्यांचा उपयोग झाला तर तुम्हालाही बरं वाटेल. आम्ही कुठल्या बेटावर गेलो ते मुद्दाम लिहीत नाही, कारण तुम्ही शिकवलंत ते एका बेटापुरतं नाही.

तुमचा पहिला प्रश्न होता, "महिना कोणता?" बेट कोणतं, हे तुम्ही नंतर विचारलंत. पहिल्यांदा जाणाऱ्याला बेट म्हटलं की बारमाही निळं आकाश दिसतं. तुम्ही नकाशा उघडून थायलंडची चिंचोळी पट्टी दाखवलीत. पश्चिमेला फुकेत, पूर्वेला सामुई. एकाच देशातली, एकमेकांपासून फार लांब नसलेली ही दोन बेटं. फुकेतला पावसाळा साधारण मे ते ऑक्टोबर, तर सामुईला सगळ्यात जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. म्हणजे नोव्हेंबरात एकीकडे आभाळ मोकळं होऊ लागलेलं असतं आणि दुसरीकडे पाऊस ऐन भरात. हे एकच उदाहरण ऐकलं आणि माझी सगळी शोधाशोध वेगळ्या दिशेने सुरू झाली.

मग वादळांचं. चक्रीवादळाला समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर लागतं, पण तेवढ्याने भागत नाही. वाऱ्याला गोल फिरवणारा पृथ्वीच्या परिवलनाचा परिणामही लागतो आणि विषुववृत्ताच्या अगदी जवळ तो फार क्षीण असतो, म्हणून विषुववृत्तापासून साधारण पाच अंश अक्षांशांच्या आत चक्रीवादळं सहसा तयार होत नाहीत. हे तुम्ही इतक्या सोप्या शब्दांत सांगितलंत की माझ्या मुलीने लगेच वहीत चित्र काढलं. कॅरिबियनकडे जायचं असेल तर १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम, आणि त्यातही सप्टेंबर सगळ्यात बेभरवशाचा. दक्षिण गोलार्धात, म्हणजे मॉरिशस किंवा फिजीच्या बाजूला, तोच हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. या काळात तिकिटं आणि खोल्या स्वस्त मिळतात. त्या का स्वस्त आहेत हे माहीत असताना घेतल्या तर हरकत नाही, असं तुमचं म्हणणं होतं. रद्द करता येणारं आरक्षण आणि वादळाचा समावेश असलेला विमा असेल तरच त्या वाटेला जायचं, ही तुमची अट मला फार पटली.

दुसरा प्रश्न तर मला सुचलाच नसता. "बेटाची कुठली बाजू?" डोंगर असलेल्या बेटावर वारा ज्या बाजूने येतो तिथे ढग अडतात आणि पाऊस पडतो, पलीकडची बाजू कोरडी राहते. हवाईच्या मोठ्या बेटावर पूर्वेच्या हिलोत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो आणि पश्चिमेच्या कोना किनाऱ्यावर त्याच्या कितीतरी कमी. फरक नुसता पावसाचाही नाही. वाऱ्याकडच्या किनाऱ्यावर लाटा मोठ्या असतात, वाऱ्याआडच्या बाजूला पाणी शांत असतं. आईचे गुडघे दुखतात आणि मुलीला नुकतं पोहता येऊ लागलंय, हे कळल्यावर तुम्ही म्हणालात, "मग वाऱ्याआडची बाजू, वाळूतून हळूहळू खोल होत जाणारा किनारा आणि तळमजल्याची खोली." हॉटेलचं नाव आम्ही सगळ्यात शेवटी ठरवलं. महिना, बाजू, किनारा आणि मग खोली, हा क्रम मी आता विचारेल त्याला सांगते.

तिसरा प्रश्न ऐकून मी जरा बिचकलेच होते. "शेवटची फेरी चुकली तर?" लहान बेटावर पोचायचं तर विमान, मग फेरी, मग कधी आणखी एक लहान होडी, आणि या साखळीतली समुद्रावरची प्रत्येक कडी हवामानाच्या हातात. मालदीवची सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारी लहान विमानं, फक्त दिवसाउजेडी उडतात, त्यामुळे संध्याकाळी माले विमानतळावर उतरलेल्या माणसाला ती रात्र तिथेच काढावी लागते, हे मला तुमच्याकडूनच कळलं. म्हणून तुमचा नियम : परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री, विमानतळ ज्या बेटावर आहे त्याच बेटावर झोपायचं. यात तडजोड नाही.

ताई, त्या नियमाने आम्हाला अक्षरशः वाचवलं. परतीच्या आधी जोराचा वारा सुटला आणि दुपारपासूनच्या फेऱ्या रद्द झाल्या. धक्क्यावर लोक फोन कानाला लावून हताश उभे होते, कुणाचं विमान त्याच रात्री होतं. आमच्या हातात पुढचा अख्खा दिवस होता. आम्ही परत खोलीवर गेलो, आई पुस्तक घेऊन बसली आणि सकाळी वारा पडल्यावर पहिल्या फेरीने निघालो. त्या दुपारी आईने तीनदा तुमचं नाव काढलं.

फेरीतही तुमची शिकवण उपयोगी पडली. आईला बोट लागते. गोळी डॉक्टरांना विचारून घेतली होती आणि ती चढण्याआधीच द्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही, हे तुम्ही बजावलं होतं. होडीच्या मध्यावर, खालच्या बाजूला बसायचं, कारण तिथे हेलकावे सगळ्यात कमी. नजर क्षितिजावर ठेवायची, फोनमध्ये घालायची नाही. सामान मऊ पिशवीत न्यायचं, कारण लहान होडीत कडक सूटकेस ठेवायला जागा नसते आणि लहान विमानात वजनाची मर्यादा मोठ्या विमानापेक्षा बरीच कमी असते. औषधं, कागदपत्रं आणि एक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत.

आता समुद्राबद्दल. इथे मला जास्त लिहायचं आहे, कारण तुम्ही सगळ्यात जास्त वेळ याच्यावर दिलात.

"पाण्यात कधी उतरणार?" हा तुमचा चौथा प्रश्न. मी म्हटलं, सकाळी. तुम्ही म्हणालात, "घड्याळ बघून नाही, भरती-ओहोटीचं कोष्टक बघून." बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे आज सकाळी नऊला सुरेख असलेला किनारा चार-पाच दिवसांनी त्याच वेळी उघडा पडलेला असू शकतो. प्रवाळाच्या उथळ पठारावर ओहोटीला गुडघाभरही पाणी राहत नाही. तिथे पोहायला गेलं तर पोट आणि गुडघे प्रवाळावर घासतात, प्रवाळही मोडतो आणि आपल्याला झालेली जखम लवकर भरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं, हे लक्षात ठेवून आम्ही तारखा पाहिल्या. कोष्टकाचा कागद मुलीने खोलीच्या दाराला चिकटवला आणि रोज सकाळी तीच आम्हाला पाण्यात उतरायची वेळ सांगायची.

लगूनचं, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आतल्या उथळ समुद्राचं, पाणी शांत दिसतं म्हणून ते सगळीकडे सुरक्षित असतं असं नाही, हेही तुम्ही शिकवलंत. प्रवाळाच्या कड्यावरून आत आलेलं पाणी कुठून तरी बाहेर जाणारच, आणि ते जातं कड्यातल्या खिंडीतून. ओहोटीला त्या खिंडीचा ओढा जबरदस्त असतो. म्हणून पहिल्याच दिवशी स्थानिक माणसाला विचारायचं, खिंड कुठे आहे, आणि तिच्यापासून लांब राहायचं. मोकळ्या किनाऱ्यावर लाटांच्या मध्ये एखादा गुळगुळीत, गडद पट्टा दिसला, जिथे लाट फुटत नाही, तर ती पोहायला सोयीची जागा वाटते. तोच खोल समुद्राकडे ओढणारा प्रवाह असतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे जीव तोडून पोहायचं नाही. तरंगत राहायचं, हात हलवून मदत मागायची आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहातून बाहेर पडायचं. हे पाठ करून घेतलंत तुम्ही माझ्याकडून, फोनवर, दोनदा. तेव्हा तुमच्या आवाजात जी कळकळ होती ती मी विसरणार नाही.

स्नॉर्केलिंगचा, म्हणजे पाण्यावर तरंगत नळीने श्वास घेत खाली बघण्याचा, मास्क पारखण्याची तुमची युक्ती आम्ही दुकानातच वापरली. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवायचा आणि नाकाने हलका श्वास आत घ्यायचा. तो चिकटून राहिला तर मापाचा. पहिला सराव कमरेइतक्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, आणि कधीही एकट्याने नाही. माझ्या भावाला स्कूबाही, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन खोल बुडी मारणंही, करायचं होतं. त्याला तुम्ही सांगितलंत, की पाण्याखालच्या दाबात रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. त्याने डाइव्ह सुरुवातीच्या दिवसांत उरकले आणि शेवटचे दिवस पाण्याबाहेर हिंडण्यासाठी ठेवले.

उन्हाचं फार लिहीत नाही. लांब बाह्यांचा रॅश गार्ड, म्हणजे पोहताना घालायचा अंगाबरोबरचा सदरा, हे सगळ्यात चांगलं सनस्क्रीन, हे तुमचं वाक्य पुरेसं आहे. उघड्या राहणाऱ्या त्वचेसाठी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन घेतलं, दर दोन तासांनी लावलं. पलाऊ या बेटांच्या देशाने १ जानेवारी २०२० पासून आणि हवाईने १ जानेवारी २०२१ पासून प्रवाळाला घातक मानलेले काही घटक असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली, म्हणजे बाटलीवरचा मजकूर वाचणं हेही तयारीतच आलं. डासांसाठी तुम्ही एक महत्त्वाची गोष्ट सांगितलीत : डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्री मच्छरदाणी लावून भागत नाही.

विम्याच्या बाबतीत तुम्ही मला अगदी बारीक अक्षरं वाचायला लावलीत. लहान बेटावर दवाखाना असला तरी शस्त्रक्रियेची सोय असेलच असं नाही, आणि रुग्णाला मोठ्या शहरात हलवण्याचा खर्च सामान्य विम्यात नसू शकतो. आईसाठी तो मुद्दा मी विमा घेण्याआधीच लेखी विचारून घेतला. तिची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्तीची. पासपोर्टची मुदत प्रवासानंतरही सहा महिने असावी, थोडी रोकड मोठ्या बेटावरच काढून ठेवावी, नकाशे आधी फोनमध्ये उतरवून घ्यावेत. ही सगळी कामं एका संध्याकाळी होतात.

तुम्ही पाण्याबद्दल जे सांगितलंत त्याने मात्र आमच्या घरातल्या सगळ्यांचं वागणं बदललं. प्रवाळाच्या सपाट बेटावर नदी नसते. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरतं आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर भिंगासारखं तरंगत राहतं. जास्त उपसलं की खालून खारं पाणी वर येतं. नळ उघडताना हे आठवायचं आणि हात आपोआप लवकर नळ बंद करायला जायचा. मुलीने वाळूतला एकही शंख-शिंपला उचलला नाही. अनेक बेटांवर शिंपले आणि प्रवाळ नेणं हा गुन्हा आहे आणि कठीण प्रवाळांची आंतरराष्ट्रीय ने-आण साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या करारानुसार नियंत्रित आहे, हे तुम्ही तिला समजावलं होतं. पण तिच्या मनात राहिलं ते तुम्ही सांगितलेलं दुसरं कारण : रिकाम्या शंखात शंखखेकडा घर करतो. तिने असे कितीतरी खेकडे पाहिले आणि प्रत्येकाबद्दल आम्हाला हाका मारल्या.

जागांना विश्रांती लागते, ही गोष्टही निघण्याआधी तपासायला तुम्ही सांगितली. फिलिपिन्सने बोराकाय हे अख्खं बेट २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवलं. थायलंडची माया बे ही खाडी त्याच वर्षी बंद झाली ती थेट २०२२ मध्ये उघडली. आम्हाला पाहायचा असलेला एक प्रवाळाचा भाग तेव्हा बंद होता. आधीच कळल्यामुळे कुणी हिरमुसलं नाही.

आणि ताई, आमच्या आराखड्यातून तुम्ही जवळजवळ अर्ध्या गोष्टी काढून टाकल्यात, त्याबद्दल सगळ्यात मनापासून आभार. "दिवसाला एक ठरलेली गोष्ट, बाकी मोकळं," असं तुम्ही म्हणालात. विषुववृत्ताजवळ सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि अंधार झपाट्याने पडतो, त्यामुळे दिवस आपल्याला वाटतो त्याहून लहान असतो, हे कारणही दिलंत. त्या मोकळ्या वेळात आईने आयुष्यात पहिल्यांदा मास्क लावून पाण्यात डोकं घातलं. आराखड्यात ते कुठेच नव्हतं. भरती होती, पाणी शांत होतं, मी तिचा हात धरला होता, आणि ती वर आल्यावर म्हणाली, "पुन्हा." आम्ही त्या दिवशी आणखी काहीच पाहिलं नाही आणि कुणाला पाहायचंही नव्हतं.

आईने तुम्हाला नमस्कार आणि मुलीने भरती-ओहोटीचं तिने स्वतः काढलेलं कोष्टक पाठवलं आहे, ते वेगळं टपालाने येईल. त्यातल्या वेळा एकदा तपासून द्याल का? पुढच्या बेटाच्या महिन्याबद्दलही तिला तुमच्याशी बोलायचं आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची ऋणी,
एक प्रवासी