आशाताईंना, गल्लीकडून

आशाताई, सप्रेम नमस्कार.

जुलाब-उलट्यांची साथ आली तेव्हा गल्लीत टँकर आला, औषधं आली. त्या सगळ्यांचे आभार आहेतच. हे पत्र मात्र तुम्हाला आणि पाण्याच्या लाइनमन भाऊंना. साथ हटली ती तुमच्या हातातल्या काचेच्या नळीमुळं, असं आमचं ठाम मत आहे.

छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचं पाणी नळाला येतं ते कित्येक दिवसांच्या खंडानं. मधल्या काळात पाइप रिकामा पडतो. सांधा गळका असला आणि शेजारून ड्रेनेज जात असलं की घाण आत शिरते. त्यात नळालाच मोटर जोडली की ओढ आणखी वाढते. म्हणून पाणी सुटल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं भरायचं नाही, हे तुम्ही दारोदार सांगितलंत. भाऊंनी तर नुसत्या वासावरून चेंबरजवळचा सांधा शोधला आणि कमरेइतक्या खड्ड्यात उतरून तो बदलला.

पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणारी ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट मात्र आम्ही पहिल्यांदाच पाहिली. नळीत पाणी, त्यात ओटीचे थेंब, आणि रंग लगेच बघायचा. पिवळसर झालं तर क्लोरीन आहे. ड्रम भरला त्या दिवशी पिवळं. चौथ्या दिवशी त्याच ड्रममधलं पाणी नळीत होतं तसंच राहिलं. क्लोरीन उडून गेलेलं, आणि आत रोज लहान मुलांचे हात, तांबे बुडत होते! पाणी दिसायला मात्र नितळ. म्हणूनच तुम्ही प्यायचं पाणी वेगळं काढायला लावलंत: 20 लिटरला क्लोरीनची 1 गोळी, अर्धा तास थांबायचं, वर झाकण, काढायला लांब दांड्याचं ओगराळं. हौदात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर कोरडी टाकायची नाही, बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच ओतायची, हेही तुमच्याकडूनच कळलं. उघडी राहिलेली पावडर दमट हवेत निकामी होते, हे तर कुणाच्या गावीही नव्हतं.

ओआरएसचं अख्खं पाकीट 1 लिटर पाण्यातच. आमच्याकडे पेल्यात अर्धं टाकत होते. त्यानं मीठ जास्त होऊन लेकराला उलट अपाय होतो. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा पाजायचं, आणि 24 तासांनी उरलेलं फेकायचं. जुलाब थांबले तरी झिंक 14 दिवस: सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला 10. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, लघवी बंद झाली, की घरी बसायचं नाही, थेट घाटी, म्हणजे सरकारी दवाखाना गाठायचा. रात्री-बेरात्री फोन उचलून तुम्ही हेच सांगत होतात, तेही न चिडता.

ओटीची बाटली आता किराणा दुकानात, ऊन लागणार नाही अशा फळीवर ठेवली आहे. पाणी आल्यापासून तिसऱ्या दिवशी पाच घरचं पाणी तपासून वहीत लिहितो. पुढच्या फेरीला आलात की वही बघा, आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ नका.

आपले,
गल्लीतले सगळे