वही उघडून दिल्याबद्दल, काका

डिचोली

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

डिझर्टेशनच्या आभारात माझं नाव घालू नकोस, असं तुम्ही दोनदा बजावलंत. नाही घालत. म्हणून हे पत्र इथे, चारचौघांत, पण बिननावाचं.

तुमच्या सोप्यावर पहिल्यांदा आले तेव्हा माझा विषय होता 'खाणबंदीचा गोव्याच्या अर्थव्यवस्थेवर परिणाम'. गाईडनी सिनॉप्सिस परत केली होती. विषय आयोग नेमण्याइतका मोठा आहे म्हणाले. तुम्ही म्हणालात, "अर्थव्यवस्थेचं मला ठाऊक नाही. माझा एक ट्रक होता, त्याचं विचार." आणि आतून वही आणलीत. खाणीतून लोहखनिज वाहण्याच्या खेपा, डिझेल, टायर, ड्रायव्हरचा पगार, बँकेचा हप्ता, सगळं तारीखवार.

त्या वहीवर मी आधी काय दिवे लावले ते सांगायलाच हवं. सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही. म्हणून मी त्या वर्षीचे जून ते ऑगस्ट घेतले आणि ऑक्टोबर ते डिसेंबरशी ताडून पाहिले. आधी खेपा शून्य, नंतरही शून्य. म्हणजे बंदीने तुमचं काहीच बिघडलं नाही! तुम्ही हसलात. "अगो, पावसात ट्रक अंगणातच असतो. आमचं वर्ष ऑक्टोबरात उघडतं नि मे महिन्यात मिटतं." हंगामी चढउतार मी परीक्षेसाठी पाठ केले होते. डिचोलीत वाढूनही ते कधी अंगणात बघितले नव्हते.

दुसरी गोष्ट खनिजाच्या भावाची. एप्रिल २०१४मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, तरी पुढच्या पानांवर खेपा तुरळकच. मी सगळा दोष बंदीच्या खात्यात टाकत होते. "चीनला आमची माती तेव्हा परवडेना," तुम्ही म्हणालात. तपासलं. २०१४ या एका वर्षात लोहखनिजाचा जागतिक भाव जवळजवळ निम्म्यावर आला होता, आणि आपला माल कमी प्रतीचा. आता माझा प्रश्न एवढाच उरला आहे: नुकसानातलं बंदीचं किती नि भावाचं किती? १६ मार्च २०१८ला खाणी पुन्हा थांबल्या त्या भर हंगामात, त्यामुळे तिथे निदान पाऊस आडवा येत नाही.

एका वहीवरून तालुका सांगता येत नाही, हे मी म्हणायच्या आत तुम्ही शेजारच्या ट्रकवाल्यांना फोन लावायला घेतलेत. वर एक सूचना: "ज्यांच्याकडे वही नाही त्यांच्याकडे आधी जा. ट्रक भंगारात गेला, तिथे वही कोण ठेवणार?" मी फक्त वहीवाल्यांकडे गेले असते तर जे तगले तेवढेच मोजले असते. गाईडनी हे वाक्य ऐकलं नि सिनॉप्सिसवर सही केली. (तुमचंच आहे, हे मी त्यांना सांगितलं. नाव नाही सांगितलं.)

वही चतुर्थीला आणून देते, जशीच्या तशी. तोवर एक शंका. मार्च २०११च्या पानावर डिझेल आणि ग्रीसच्या मधे 'धाकट्याचे बूट' लिहिलंय. ते ट्रकच्या खर्चात धरू की घरच्या?

तुमची,
शेजारच्या वाड्यावरची मुलगी